मागच्या सीटचा कौल

चपला घ्यायला गेलेला माणूस दुकानात चार पावले चालून पाहतो. चष्मा घेताना तो नाकावर नीट टेकतो की कानामागे रुततो, हे दोनदा तपासतो. सदरा शिवायचा तर शिंप्यापुढे हात पसरून, श्वास रोखून उभा राहतो. पण ज्या वाहनावर रोजचे दोन-अडीच तास काढायचे आणि ज्याच्यासाठी दोन लाखांच्या वर रक्कम मोजायची, ते आपण बहुधा नुसत्या डोळ्यांनी घेतो. रंग कोणता, टाकी किती फुगीर, आवाज कसा, आणि फार झाले तर अ‍ॅव्हरेज किती, एवढ्यावर सौदा होतो. ते आपल्या अंगाला बसते की नाही, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. तो सहा महिन्यांनी डॉक्टर विचारतात.

मोटारसायकल कोणती घ्यावी या प्रश्नावर आमच्या घरात दोन महिने खल झाला. त्याचा वृत्तांत इथे देतो आहे, तो हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येणार आहे म्हणून. घरात पंचविशीचा मुलगा असेल तर त्याच्या निमित्ताने येईल. आणि घरचा कर्ता माणूस माझ्यासारखा सत्तेचाळीस वर्षांचा असेल, तर तो स्वतःच विषय काढील आणि वर "कामासाठीच हवी आहे हो," असेही सांगेल.

माझ्या बाबतीत कामासाठी हवी होती हे खरेच होते. आमचे बिऱ्हाड कोथरूडला. माझा कारखाना सतरा वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत होता, आणि सौ. ज्या शाळेत शिकवते ती शाळाही भोसरीतच. सकाळी दोघांनी एकाच स्कूटरवरून निघायचे, विद्यापीठ चौक, रेंज हिल्स, खडकी, बोपोडी, दापोडी, नाशिक फाटा असे करत भोसरी गाठायची, तिला शाळेच्या फाटकाशी उतरवायचे आणि मी पुढे जायचे, असा शिरस्ता होता. मग आमचा विभाग चाकणला हलला. अठरा किलोमीटरांची वाट सुमारे तेहतीस किलोमीटरांची झाली. भोसरीच्या पुढे मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी आणि चाकण. ज्यांनी हा नाशिक रस्ता सकाळी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते खरे वाटणार नाही. दोन्ही बाजूंना मोटारींचे नवे सांगाडे लादलेले लांबच लांब ट्रेलर, मध्ये कामगारांच्या बसगाड्या, आणि उरलेल्या फटींतून तुमच्या-आमच्यासारखे दुचाकीस्वार.

या रस्त्याला स्कूटर पुरेना. कारण साधे आहे. आपल्या स्कूटरांची चाके दहा-बारा इंचांची असतात. खड्डा आला की लहान चाक त्यात उतरते. मोठे चाक त्याच्या काठावरून पुष्कळसे पार होते. लहान मूल ज्या डबक्यात पाय घालते तेच मोठा माणूस ओलांडून जातो, तसे. मोटारसायकलीचे चाक सतरा इंचांचे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा स्कूटर सोडायला हरकत नव्हती, कारण माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती दोन वर्षांपासून कुरकुर करीत होती. डॉक्टरांनी हादरे टाळा, फार वेळ वाकून बसू नका, असे बजावले होते. मोटार घ्यावी तर घरात एक लहानशी आहेच. पण या रस्त्यावर तिला लागणारा वेळ दुचाकीच्या दुपटीने. कंपनीची बस होती. ती सकाळी सहा-चाळीसला निघे आणि मला एकट्यालाच नेई.

पहिले तीन महिने मी त्या बसने गेलो. सौ. दोन बसगाड्या बदलून शाळेला जाऊ लागली. कुणाचे काही अडले नाही. पण हळूहळू एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली. आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय स्कूटरवर झालेले होते. फ्लॅट घ्यायचा की थांबायचे, हे दापोडीच्या पुलावर ठरले. कन्येला कोणत्या शाळेत घालायचे, यावर आमचे भांडण खडकीच्या रेल्वे फाटकापासून नाशिक फाट्यापर्यंत चालले आणि तिथल्या सिग्नलवर मिटले. माझ्या वडिलांचे ऑपरेशन करायचे की नाही, हे आम्ही विद्यापीठ चौकात, तांबडा दिवा लागलेला असताना ठरवले. घरी बोलायला वेळ नसतो असे नाही. पण घरी टीव्ही असतो, फोन असतो, कुकरची शिटी असते, शिकवणीला आलेली मुले असतात. स्कूटरवर यातले काही नसते. दोन माणसे, एक दिशा, आणि समोरासमोर पाहण्याची सक्ती नाही. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते खांद्यामागून सहज बोलता येते. तो तास आमच्या घरातून गेला होता आणि त्याची भरपाई रविवारने होत नव्हती.

म्हणून मोटारसायकल घ्यायचे ठरले, आणि ती दोघांसाठी घ्यायचे ठरले.

इथे माझ्या मनातली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९९ साली हीरो होंडाची सीबीझेड रस्त्यावर आली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि वडिलांच्या चेतकच्या मागे बसून हिंडत होतो. २००१ साली पल्सर आली. तेव्हा मी उमेदवारी करीत होतो. २००३ साली २२३ सीसीची करिझ्मा आली आणि त्याच वर्षी माझे लग्न झाले. पुढे दहा वर्षांनी चाकणलाच बनणारी ३९० ड्यूक आली, त्या वर्षी फ्लॅटचे हप्ते चालू होते. म्हणजे जेव्हा जेव्हा एखादी देखणी गाडी बाजारात आली तेव्हा तेव्हा आमचा पैसा दुसऱ्या एखाद्या शहाणपणाच्या कामात गुंतलेला होता. त्याची खंत नाही. पण आता कन्या इंजिनिअरिंगला आहे, हप्ते संपले आहेत, आणि कंबर अजून पुरती वाकलेली नाही. अशा वेळी निव्वळ ओझे वाहणारी गाडी घ्यावी असे मला वाटत नव्हते. गाडी लावून चार पावले गेल्यावर मागे वळून पाहावेसे वाटले पाहिजे, एवढी माझी अट होती. सौ.ची अट त्याहून लहान होती. ती म्हणाली, "मला बसता आलं पाहिजे आणि बोलता आलं पाहिजे."

कन्येने कागद काढला. आजकालच्या मुलांना कोणत्याही प्रश्नाचा तक्ता केल्याशिवाय तो प्रश्नच वाटत नाही. अडीचशे ते चारशे सीसीच्या मधल्या स्पोर्ट गाड्या तिने मांडल्या, पुढे शक्ती, वजन, सीटची उंची. तक्ता चांगला होता. त्यात नव्हते ते एवढेच, की यांतला कोणता आकडा नाशिक फाट्यावर उपयोगी पडतो.

पहिल्या रविवारी आम्ही ज्यांना शर्यतीच्या बांधणीच्या म्हणतात त्या गाड्या पाहिल्या. २००८ साली यामाहाची आर१५ आली आणि २०१४ साली केटीएमची आरसी ३९०. त्या घराण्यातल्या गाड्या. दिसायला अशा, की शेजारी उभे राहिले तरी आपण पाच वर्षांनी लहान झाल्यासारखे वाटावे. हँडल खाली आणि दोन तुकड्यांचे, फूटरेस्ट मागे आणि वर, टाकीवर छाती टेकवून बसायचे. बसलो. पाच मिनिटे फार सुखाची गेली. दहाव्या मिनिटाला मनगटे बोलू लागली.

यात गाडीचा काही दोष नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. असे पुढे झुकून बसले की अंगाचा भार हातांवर येतो. शर्यतीच्या मैदानावर, किंवा मोकळ्या महामार्गावर शंभराच्या आसपास वेग असताना, समोरून येणारा वारा छातीला खालून उचलून धरतो आणि तो भार हलका होतो. वाऱ्याच्या त्या गादीवर रेलण्यासाठीच ती बैठक आखलेली आहे. पण विद्यापीठ चौकात ताशी पंधराच्या वेगाने सरकताना वारा कुठला? तिथे तुमचा सगळा भार तुमच्या दोन मनगटांवर आणि मानेच्या मागल्या शिरेवर. ज्या बैठकीचे औषध वेगात आहे ती बैठक जिथे वेगच नाही तिथे आणली, तर दुखणे तेवढे पदरात पडते.

मी उतरलो आणि सौ.ला मागे बसायला सांगितले. दुकानातला तरुण विक्रेता हसला. मागची सीट पुढच्यापेक्षा वीतभर उंच, आणि आकाराने पाटावरच्या आसनाएवढीही नव्हती. ती चढली. गुडघे पोटाशी आले. हात कुठे ठेवायचे हे कळेना. मला धरावे तर मी खाली टाकीवर आणि ती वर माडीवर. ती काही बोलली नाही, सावकाश उतरली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "इथं बसून मी तुमच्याशी काय बोलणार? तुमच्या टाळूशी?"

त्या वाक्याने आमच्या शोधाला दिशा मिळाली. गाडीच्या माहितीपत्रकात मागे बसणाऱ्याविषयी सहसा एक ओळही नसते. कायद्यात मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असली पाहिजे. आपण जिला साडीगार्ड म्हणतो ती हीच. देखणेपणाला बाधा येते म्हणून पुष्कळ तरुण गाडी घरी आणताच ती काढून टाकतात. आईला किंवा बहिणीला एकदा मागे बसवायचे आहे, हे त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे नसते.

दुसऱ्या रविवारी उघड्या अंगाच्या, सरळ हँडलच्या गाड्या पाहिल्या. त्यांत ट्रायम्फची स्पीड ४०० माझ्या मनात भरली. २०२३ साली आलेली, आणि गंमत म्हणजे चाकणलाच तयार होणारी. मी ज्या गावी नोकरीला जाणार त्याच गावची लेक. ३९८ सीसी, ४० अश्वशक्ती, सीट ७९० मिलिमीटर, म्हणजे माझे दोन्ही पाय जमिनीला लागतात. पाठ सरळ राहत होती. सौ.ही मागे बसली आणि "हे चालेल," म्हणाली. मी खिशात हात घालणार तोच कन्येने तक्ता पुढे केला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले होते. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के झाला. साडेतीनशेच्या रेषेच्या अलीकडे सरकारने आपल्याला प्रपंचात धरले होते, पलीकडे चैनीत.

करापेक्षा मला तिचा दुसरा प्रश्न जड गेला. तिने विचारले, "बाबा, चाळीस घोडे घेऊन तुम्ही मोशीला उभे राहणार?"

प्रश्न रास्त होता. शक्तीचा आकडा इंजिन अगदी वरच्या फेऱ्यांत गेल्यावर मिळतो, आणि रोजच्या वाटेवर इंजिनाला तिथवर जाऊ देणारा रस्ताच नाही. रोजच्या वाटेवर लागते ते वेगळे: दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीसच्या वेगाने, दोन माणसे घेऊन इंजिन न गचकता ओढते का? मोठे इंजिन थांबत-थांबत चालले की तापतेही अधिक. पाण्याने थंड होणारे असेल तर सिग्नलला उभे असताना पंखा सुरू होतो आणि ती गरम हवा मांड्या-पोटऱ्यांवर येते. थंडीत बरी वाटेल, पण पुण्यातला मार्च-एप्रिल आठवून पाहा.

तिसऱ्या प्रकारच्या गाड्या जुन्या ढंगाच्या साडेतीनशे सीसीच्या. त्यांची बैठक अगदी घरच्या खुर्चीसारखी. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० किंवा होंडाची सीबी३५० यांवर बसले की कंबर सुटकेचा निःश्वास टाकते, मागची सीटही रुंद. पण दोन्ही गाड्या वजनाने १८१ किलोंच्या आसपास. आमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात आहे, आणि रोज सकाळी गाडी उतारावर मागे ओढून वळवावी लागते. गाडीचे वजन चालताना कळत नाही. ती बंद असताना, हातांनी ढकलताना कळते. ज्याच्या कमरेत कुरकुर आहे त्याने तक्त्यातल्या शक्तीच्या रकान्याआधी वजनाचा रकाना वाचावा. आणि खरे सांगायचे तर त्या गाड्या मला फार लवकर म्हातारे करीत होत्या. सभ्य होत्या, भारदस्त होत्या. पण मी मागे वळून पाहिले नसते.

मधली वाट माझ्या एका सहकाऱ्याने दाखवली. त्याच्याकडे सुझुकीची जिक्सर एसएफ २५० होती, २०१९ साली निघालेल्या मॉडेलची. अंग शर्यतीच्या गाडीसारखे पुरते झाकलेले, पण हँडलचे दोन्ही तुकडे वरच्या बाजूला बसवलेले, त्यामुळे वाकणे नावापुरते. २४९ सीसीचे, एका सिलिंडरचे, तेलाने थंड होणारे इंजिन, २६.५ अश्वशक्ती, वजन १६१ किलो, सीट ८०० मिलिमीटर. म्हणजे साडेतीनशेच्या गाड्यांपेक्षा सुमारे वीस किलोंनी हलकी. वीस किलो म्हणजे गव्हाची दोन पोती नव्हेत, पण तळघराच्या उतारावर ती तेवढीच वाटतात.

दुकानातून मिळते ती ट्रायल म्हणजे मुलगी पाहायला गेल्यावर पोहे चाखण्यासारखी. समोरच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर. त्यावरून संसाराचा अंदाज येत नाही. म्हणून मी सहकाऱ्याला गाडी एका सकाळपुरती मागितली आणि अट घातली, की सोमवारीच हवी, रविवारी नको. सकाळी साडेसातला आम्ही दोघे कोथरूडहून निघालो. सौ.ने पंजाबी ड्रेस घातला होता आणि दप्तराची पिशवी पाठीला लावली होती, म्हणजे रोजचे वजन पुरते रोजचेच राहावे.

मी काय काय पाहत होतो ते सांगतो, कारण कोणतीही गाडी घेताना तेच पाहण्यासारखे आहे. घरापासून खडकीपर्यंत मी क्लच किती वेळा दाबला ते मोजले. १३४ वेळा. हाताला जड वाटला नाही. क्लच कठीण असता तर भोसरीला पोहोचेपर्यंत डाव्या हाताची बोटे वळली नसती. हल्ली बऱ्याच गाड्यांत क्लच हलका करणारी योजना असते, पण नावावर विसंबू नये. गर्दीत अर्धा तास दाबून पाहावा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन न कुरकुरता ओढत होते. स्पीडब्रेकरवर मागचा शॉकअप टेकतो का, हे मी नव्हे, मागे बसणारीने सांगायचे होते. दापोडीच्या अलीकडे एकदा टेकला. म्हणून नाशिक फाट्याच्या आधी गाडी बाजूला घेऊन तो दोन घरे कडक केला. बहुतेक लोकांना ही सोय गाडीत आहे हेही ठाऊक नसते. एका माणसासाठी बसवलेल्या शॉकअपवर दोघे बसतात आणि गाडीला नावे ठेवतात. मागच्या टायरची हवाही दोघांसाठी वेगळी असते. तो आकडा बहुधा साखळीजवळच्या चिकटपट्टीवरच लिहिलेला असतो.

मागची सीट थोडी उंच होती, पण माडीवर नव्हती. तिला मागे धरायला मुठी होत्या आणि पाय मोकळे राहत होते. तिचे हेल्मेट माझ्या हेल्मेटच्या जरा वर, उजव्या खांद्याशी येत होते. खडकीपर्यंत ती गप्प होती. मला वाटले, घाबरली.

नाशिक फाट्याच्या सिग्नलला आम्ही उभे राहिलो. नव्वद सेकंदांचा दिवा. मागून आवाज आला, "अहो, ऐकू येतंय का?"

मी मान हलवली.

"आईला आता आपल्याकडे आणावं म्हणते. कायमची."

माझ्या सासूबाई साताऱ्याजवळच्या एका गावी एकट्या राहतात, वय ७९. गेल्या उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, म्हणून तो विषय आमच्या घरात "बरं झालं" एवढ्यावर संपला होता, असे मी समजत होतो. तो संपला नव्हता. तीन महिने तो या बाईच्या मनात होता आणि बोलायला जागा सापडत नव्हती. घरात माझी आई आहे. तिच्यासमोर कसे काढायचे? दोन खोल्यांत दोन म्हाताऱ्या, कन्येचा अभ्यास, औषधांचा खर्च, माझा स्वभाव. या सगळ्याचा हिशेब तिने एकटीने बसमध्ये उभ्याने केलेला होता.

मी विचारले, "कन्येची खोली?"

"तिनंच सांगितलंय. हॉलमध्ये झोपेन म्हणाली."

दिवा हिरवा झाला. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणालो, "दिवाळीच्या आधीच आणू." तिला ऐकू गेले की नाही कळेना, पण माझ्या खांद्यावर तिचा हात होता, तो जरा घट्ट झाला. भोसरीला शाळेच्या फाटकाशी उतरताना तिने हेल्मेट काढले आणि इतकेच म्हणाली, "ही घ्या."

दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, आम्ही गाडी घरी आणली. माझ्या आईने तिला हळद-कुंकू लावले आणि चाकाखाली लिंबू ठेवले. साडीगार्ड जागच्या जागी आहे. हेल्मेटे दोन घेतली, दोन्ही सारख्याच किमतीची. पुढे बसणाऱ्याला भारी आणि मागे बसणाऱ्याला नावाला, असे आपल्याकडे फार चालते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाखेरीज हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीवजा वस्तू मिळतात त्या मिळतातच. चाके अडकू न देणारे एबीएस ब्रेक १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचे झाले आहेत. ओल्या रस्त्यावर मागे कुणी बसले असताना त्यांची किंमत कळते. साखळीला दर पाचशे किलोमीटरांनी तेल देतो. रविवार सकाळचे ते वीस मिनिटांचे काम मी आनंदाने करतो, आणि घरातल्यांना तो माझ्या पूजेचा भाग वाटतो.

आता पाच हजार किलोमीटर झाले. कंबर पूर्वीइतकीच कुरकुरते, अधिक नाही. डॉक्टर म्हणतात, यालाच सुधारणा समजा. आमच्यासारख्या दोन माणसांसाठी गाडी घेणाऱ्या कुणी सल्ला विचारला, तर मी त्याला दोनच गोष्टी सांगतो. आपल्या वाटेवरचा सगळ्यांत सावकाश अर्धा तास कोणता ते आधी ठरवावे आणि गाडी त्या अर्ध्या तासात चालवून पाहावी. मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. आणि मागे जे माणूस बसणार आहे त्याला नुसते बसवून भागत नाही. निदान चार सिग्नल त्याला घेऊन जावे आणि ते बोलते का ते ऐकावे.

सासूबाई दिवाळीच्या आठवडाभर आधीच आल्या. माझी आई आणि त्या आता दुपारी एकाच पलंगावर बसून दोन वेगवेगळ्या मालिका पाहण्यावरून वाद घालतात. पहिल्या दिवशी त्या काठी टेकत खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागची सीट हाताने दाबून पाहिली. मग लेकीला म्हणाल्या, "गादी जरा कठीणच आहे गं."

"सवय होते, आई," सौ. म्हणाली, आणि पदर खोचून मागे चढली. आम्हाला उशीर झाला होता.